सखूबाईच्या नंतरचा घोट

दादा, आम्ही निघालो तेव्हा कर्जतच्या ठेसनात तू मालधक्क्यापाशी पाठ करून उभा होतास, ते मी गाडीतून पाहिलं. बाटलेल्या बहिणीचं तोंड बघायचं नव्हतं ना तुला? आई मात्र आली. नाचणीच्या भाकरी ओटीत घालून म्हणाली, “जा गं बाय. पन कुनाचं उष्टं खाव नको.” ह्यांची रेल्वेतली बदली भायखळ्याला झाली, म्हणून मीही गेले. बाप्तिस्मा आम्ही दोघांनी बरोबरच घेतला होता. पण तेव्हा मला देव पटला होता की नुसता नवरा, ते आजही सांगता यायचं नाही.

भायखळ्याच्या आमच्या ख्रिस्ती देवळात पहिल्याच प्रभुभोजनाला माझी फजिती झाली. तिथं द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांच्या ओठांवरून फिरतो. माझ्या आधी सखूबाई प्यायली. आपल्या खालापूरकडचीच, पण गावकुसाबाहेरची. पेला माझ्याकडे आला आणि हात आपसूक पदराकडे गेला. मी कड पुसली, मग प्यायले. तू असतास तर शाबासकी दिली असतीस! सखूबाईनं ते पाहिलं. पुढच्या रविवारपासून ती पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या मिशनच्या देवळात जायला लागली.

या दोन देवळांचं काय सांगू! आमच्यात कपाळावर पाणी शिंपडतात, त्यांच्यात हौदात अख्खं माणूस बुडवतात, आणि दोघेही एकमेकांचा बाप्तिस्मा खोटा म्हणतात. शास्त्र एक, येशू एक, तरी भावकीचा तंटा. जे सोडून आले तेच इथं वाढून ठेवलेलं. माझं डोकं पार भंजाळून गेलं.

तशात तुझं पत्र आलं. आई थकली आहे, पंचगव्य घेतलंस तर पंच तुला जातीत घेतील. आठ दिवस ते पत्र कमरेला खोचून फिरले. आईसाठी जीव तुटत होता. आणि खोटं कशाला बोलू, इथल्या भांडणापेक्षा आपली जात बरी, असंही वाटलं.

पण तो पुसलेला पेलाही मनात सलत होता, म्हणून शेवटी एका रविवारी सखूबाईच्या देवळात गेले. तिथल्या पाद्रीसाहेबांनी मला पेला दिलाच नाही. म्हणाले, आधी आमचा बाप्तिस्मा घ्या. मागच्या बाकावर बसून मी रडले रे! सखूबाईनं हात धरून मला तिच्या खोलीवर नेलं. तांब्याला तोंड लावून दोन घोट प्यायली आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

“बघ गं, जमतंय का.”

मेला हात पुन्हा पदराकडे निघालाच होता. मूठ आवळली आणि प्यायले.

ती हसली. “माजा राग अजून समदा गेला नाय हां. पन बस, भाकर टाकते.”

आता तुझ्या पत्राचं उत्तर. कुठलं देऊळ खरं ते मला अजून कळत नाही. पण येशूला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून पंचगव्य घेणार नाही. आपल्या गावाची, दहिवलीची आठवण आली की अजूनही घास उतरत नाही. आईला बघायला मी येणार, आणि सखूबाईही माझ्याबरोबर येणार. आम्हाला ओटीवर बसव, अंगणात बसव, पण दोघींची पानं एका पंगतीला मांड. तेवढं जमत नसेल तर आईला हात धरून वेशीपर्यंत आण. तिला डोळे भरून बघू आणि आल्या पावली परत जाऊ.