एकट्या विद्यार्थ्याचा वर्ग

पहिल्या वर्षी आम्ही सहा-सात जण होतो. दुसऱ्या वर्षी मी एकटा. बाकीची सगळी भोरातल्या कारकून-वकिलांची मुलं. घरच्यांनी त्यांना पुण्याला कायदा शिकायला घातलं आणि सुटले. माझे वडील राजगडाखालच्या पालीचे शेतकरी. पुण्याचा खर्च आम्हाला कुठला झेपायला? मी भोरातच राहिलो. संस्थानचा लहानसा कायद्याचा वर्ग होता तो. पुण्यासारखी डिग्री मिळायची नाही, पण परीक्षा दिली की संस्थानच्या कोर्टात उभं राहायची सनद मिळायची. मला तेवढी बास होती.

शिकवायला एकच, पेन्शनीत निघालेले मुन्सफ. आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. नियमाचे इतके पक्के, की वर्गात मी एकटा असूनही रोज हजेरी घ्यायचे. मी नाकासमोर बसलेलो, तरी पूर्ण नाव पुकारायचे आणि मी ‘हजर’ म्हणेपर्यंत मान वर करायचे नाहीत. लुटुपुटीचा खटला चालवला की वादीचा वकील मीच आणि प्रतिवादीचाही मीच. आधी या बाजूला उभं राहून तावातावानं भांडायचं, मग त्या बाजूला जाऊन स्वतःलाच खोडून काढायचं. कसला वैताग! हरलो तर चिडवायला कुणी नाही, जिंकलो तर पाठ थोपटायला कुणी नाही.

वर्ग सुटला की खोली. भात टाकायचा, खायचा, भिंतीला कलमं म्हणून दाखवायची. शिकलेल्यांना मी कुणबट वाटायचो आणि बाजारला आलेल्या आमच्याकडच्या माणसांना वकील. ना इकडचा ना तिकडचा. कधी कधी वाण्याकडे जाऊन उगीच काडेपेटीचा भाव विचारायचो, तेवढंच बोलणं.

एकाआड एक बाजाराला वडील यायचे. मी त्यांना आबा म्हणायचो. तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन आदल्या दिवशी निघायचे, भाटघरला पाव्हण्यांकडे मुक्काम करायचे. वर्ग चालू असला तर पागोटं मांडीवर घेऊन मागच्या सतरंजीवर बसून राहायचे. आई मी शाळेत असतानाच गेली होती, दुसरं भावंड नव्हतं. आम्हा दोघांना बोलायची सवयच नव्हती. वर्ग सुटला की मी त्यांना वेशीपर्यंत सोडायचो आणि परत यायचो.

त्या दिवाळीनंतर वरून निरोप आला, की निदान दोन विद्यार्थी नसले तर वर्ग बंद. तपासायला एक अंमलदार येणार होता. वर्ग बंद म्हणजे माझी दोन्ही वर्षं पाण्यात, सनद गेली आणि मी परत नांगराला. पण रावसाहेब कायदा कोळून प्यालेले. त्यांनी दुसरा विद्यार्थी म्हणून आबांचंच नाव घालायचं ठरवलं आणि त्यांना समोर बसवून समजावलं, की नियमात वयाची अट नाही. वाचता यावं अशीही नाही. ती घालायचं बहुधा कुणाला सुचलंच नसावं. तुम्ही इथं बसता, ऐकता, तेव्हा शिकायला येतो म्हणालात तर ते खोटं ठरत नाही. आबांनी मान डोलावली. मला हसू आलं आणि जीव भांड्यात पडला.

तपासणी बाजारच्याच दिवशी व्हावी, ही तजवीजही रावसाहेबांनीच केली. हजेरीत त्यांनी माझ्यानंतर आबांचं नाव पुकारलं. आबा शाळकरी पोरासारखे उभे राहिले. अंमलदार काही वाईट माणूस नव्हता. हसू दाबत त्यानं विचारलं, की बाबा, तुम्ही इथं कायदा शिकायला येता का?

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“न्हाई, सायेब. माझं पोरगं हितं असतं. त्याला बघाया येतो.”

झालं! थोड्याच दिवसांत वर्गाला कुलूप लागलं. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा रावसाहेब ‘जपून जा’ म्हणाले आणि आत गेले.

आबा मला न्यायला आले. भाटघरपर्यंत मी आतल्या आत धुमसत होतो. धरणाच्या पाण्याकडेला भाकरीचं फडकं सोडून बसलो आणि मग मला आवरेना. म्हणालो, जन्मभर खरं बोललात ते ठाऊक आहे, पण पोटच्या पोरासाठी एकदा, एकदाच, हरिश्चंद्र व्हायचं सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

“खऱ्याचं काय न्हाई त्यात,” ते म्हणाले. “खोटं म्या बी लई बोललोय. तुझी आय गेली, मग तू हिकडं आलास. घर खायाला उठतंय रं. सनद मिळाली असती तर तू भोरातच ऱ्हायला असतास. सायबानं इचारलं तवा त्योच इचार मनात आला.”

भोरात मी रोज स्वतःची कीव करत होतो, की जगात माझ्याइतकं एकटं कुणी नाही. राग गेला नाही, उगीच कशाला खोटं सांगू. थोडा अजूनही आहे. आबा तुकडा हातात धरून तसेच बसले होते, मी काय म्हणतो याची वाट बघत.

“खावा आदी,” मी म्हणालो. “पाली लांब हाय अजून.”