पाटावर बसलेले आतोबा

साऱ्या काशीत विश्वनाथानंतर तिसरा डोळा कोणाला असेल तर तो आमच्या आतोबांना होता, आणि तो मिटलेला कोणी पाहिला नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रेल्वेच्या कचेरीत इतरांच्या ड्यूटीचे तास तपासण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर घेऊन ते पंचगंगा घाटाच्या गल्ल्यांत मोकळे सुटले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मुलांना कामाला ठेवण्याबद्दलचा कायदा त्यांनी कुठूनसा मिळवून तोंडपाठ केला होता. संध्येतला एखादा मंत्र गाळतील, पण सकाळी आठच्या आधी नाही, संध्याकाळी सातनंतर नाही, तीन तासांनी विश्रांती, आठवड्याला सुट्टी, यातला शब्द गळायचा नाही. चहावाला त्यांना गल्लीच्या तोंडाशी पाहताच पुतण्याला घाईघाईने बाकावर बसवी आणि स्वतः ग्लास विसळायला घेई. एकदा आम्ही नावेत बसलो आणि नाववाल्याच्या मुलाच्या हातात वल्हं दिसलं, तर आतोबांनी ते काढून घेतलं, "तू पढाई कर" म्हणून त्याला बजावलं आणि स्वतः वल्हवायला बसले. नाव गंगेत गोल गोल फिरत राहिली आणि आत्या डोळे मिटून रामरक्षा म्हणत राहिली. शेवटी त्या मुलानेच आम्हाला काठाला लावलं. तेवढ्या वेळात आतोबांनी त्याच्या शाळेचं नाव विचारून घेतलं होतं.

पण त्यांचा खरा संताप राखून ठेवलेला होता तो आमच्या घरासाठी. माझे बाबा तीर्थोपाध्याय. महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू आमच्याकडे उतरत, आणि यात्रा पुरी व्हायची तर कुमारिकेला जेवू घालायला हवं. ती कुमारिका मी. यात्रेकरू आले की शाळेत निरोप यायचा, मी दप्तर उचलून घरी यायची आणि पाटावर बसायची. अनोळखी बायका माझे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, खीर वाढायच्या आणि मी जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत. याला कोणी काम म्हणत नसे. आज मी स्वतः शाळेत शिकवते, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. देवी म्हणून पाया पडायचं आणि त्याच देवीला भूमितीच्या तासाला वर्गातून उठवून आणायचं! सातवीत माझी हजेरी इतकी घसरली की मोठ्या बाईंनी सांगून टाकलं, यंदा गणितात नापास झाली तर शाळेतून नाव काढू. बाबा शांतपणे म्हणाले, "मग घरीच बसेल. शिकली तेवढं पुष्कळ झालं."

आतोबांच्या कानावर हे गेलं आणि ते काठी आपटतच आले. "हे कामच आहे," ते बाबांना म्हणाले. "बसायचं तिनं, खायचं तिनं, आणि दक्षिणा तुमच्या कनवटीला. मग छुट्टी कुठाय हिची? परवाना कुठाय?"

"भावोजी, धर्माला कसला परवाना?"

"लागोपाठ दोन घरची खीर खायला लावता पोरीला. मधे विश्रांतीचा तास तरी देता का?"

बाबा हसले. आतोबा तडक लेबर दफ्तरात गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान चघळत म्हणाले, "बाबूजी, घरवाले अपने घर का काम करें तो यह कानून लागू ही नहीं होता। और पूजा-पाठ में हम हाथ नहीं डालेंगे।" त्या दिवशी आतोबा घरी आले ते कोणावरही न ओरडता. ताटावर बसून आत्याला एवढंच म्हणाले, "कायद्यात एवढं मोठं भोक, आणि ते नेमकं आपल्याच पोरीच्या मापाचं."

गणिताच्या पेपरच्या सकाळीच नाशिककडची मंडळी येऊन थडकली. दुपारच्या गाडीने निघायचं होतं, त्यामुळे कुमारिका आत्ताच जेवायला हवी होती. गल्लीतल्या इतर मुलींचीही परीक्षा. त्यांच्या आयांनी दारातूनच नाही म्हटलं होतं. आमच्या घरात नाही म्हणायला कोणी नव्हतं. बाबांनी मला साडी नेसायला सांगितलं. मी दप्तर धरून उभी होते आणि रडूसुद्धा येत नव्हतं, इतका राग आला होता. तेवढ्यात आतोबा आत आले, चपला काढल्या, पाय धुतले आणि माझ्यासाठी मांडलेल्या पाटावर, रांगोळीच्या मधोमध, मांडी घालून बसले.

"भावोजी, हे काय?"

"मी बसलोय. पोर इम्तिहान देऊन येईपर्यंत हलणार नाही."

बाबांची पंचाईत झाली. आतोबा या घरचे जावई. जावयाला पाटावरून ऊठ म्हणायची आमच्यात कोणाची छाती? पूजेला बसलेल्या मंडळींसमोर तर नाहीच नाही. बाबांनी हात जोडले, आत्याला बोलावून आणलं. आत्या आली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराने वारा घालत त्यांच्या शेजारी बसली. मी दप्तर उचलून धावत सुटले.

पेपर देऊन आले तेव्हा घर उपाशी होतं. कुमारिकेआधी जेवायचं नाही म्हणून त्या मंडळींनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. आतोबांचे गुडघे असे आखडले होते की दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उठवलं, आणि त्याही अवस्थेत ते बाबांना सुनावत होते. मी पाटावर बसले. नाशिकच्या मंडळींतल्या आजींनी माझे पाय ताम्हनात घेतले, पाणी घातलं आणि वर बघून विचारलं, "पेपर कसा गेला गं बाळ?"

मी पास झाले, पुढे शिकले. आतोबांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्यासारखं माझ्या बाजूने भांडायला पुन्हा कोणी आलं नाही. नाशिकच्या आजींचा तो प्रश्नही मला अजून आठवतो. माझे पाय तोवर कितीतरी बायकांनी धुतले होते, पण मला काही विचारलेलं ते पहिल्यांदाच.