अर्धी भाकरी

आई-बाबा आष्टीहून ऊसतोडीला जायचे. उसाच्या फडात भाकरी कमी पडली, तरी शेजारी तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला अर्धी मोडून दिल्याशिवाय कुणी घास घेत नसे.

घरातला पहिला पदवीधर मी, नोकरीसाठी जर्मनीत आलो. इथं ऑफिसात दुपारी जो तो आपला डबा घेऊन वेगळा बसतो. फोनवर आई म्हणाली, "एवढा शिकलास अन् एकटाच जेवतोस व्हय? अंगी लागंल का?"

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या डब्यात न विचारताच माझ्या हातची वाकडी भाकरी अर्धी मोडून ठेवली, वर ठेचा. त्यानं खाल्ली, लालबुंद झाला आणि आपलं सफरचंद कापून अर्धं मला दिलं.

फोनवर हे सांगितलं तशी आई हसली, "लई तिखट लागलं असंल बिचाऱ्याला!"

पुढं आणखी दोघं आपले डबे घेऊन आले; आता आमच्या टेबलावर आम्ही चौघं एकत्र जेवतो.