न चाखलेली कढी

आपण कधीच चुकत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण ते देवालाही पटवून देणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. बार्शीटाकळीच्या देवळातल्या भंडाऱ्याचं वांगं त्यांच्याच हातचं असायचं. एका वर्षी अकोल्याच्या कुणा पाहुण्याने ती भाजी पुन्हा पुन्हा मागून घेतली आणि हात धुता धुता म्हटलं, "बाई, तुमी तं केटरिंगच काढा." तो बोलून बसमध्ये बसला. जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी केटरिंग काढलं.

आधी पातेली घ्यावीत असं कुणालाही वाटेल. त्यांनी आधी बोर्ड केला. त्यावर पुरी, बुंदी, जिलबी कोपऱ्यात मुंग्यांएवढी आणि मधोमध हात जोडून जाऊबाई. लोक विचारू लागले, कोणत्या पक्षाकडून उभ्या आहात? त्या रागावल्या नाहीत. "जो इचारते तो जेवाले येईन," म्हणाल्या. आणि खरंच, पहिलं काम मिळालं ते एका पुढाऱ्याच्या नातवाच्या बारशाचं. नवी उमेदवार काय शिजवते ते त्याला पाहायचं होतं.

गिऱ्हाइकाने पदार्थ सांगायचे आणि आपण करायचे, ही धंद्याची साधी रीत त्यांना कधी पटली नाही. एका मुलीच्या बापाने जेवणात मंचुरियन पाहिजे म्हटलं तर म्हणाल्या, "काहून जी? पोरगी चीनमंदी देऊन राहिले का?" तो वरणभातावर गप्प आला. बुफेचं तर त्यांना वावडंच. अमरावतीच्या एका क्लासवाल्या सरांच्या हातची प्लेट काढून घेतली आणि सांगितलं, "बसा जी. उभ्यानं घोडं खाते." वर्षभर पोरांना उभं करणारे ते सर खुर्चीवर बसले आणि ताट स्वच्छ करूनच उठले. फोन उचलला की पलीकडे कोण आहे हे न विचारता, "बोला, किती पानं?" माझी आई आजारी पडली तेव्हा मी फोन केला, तरी तेच. मग मात्र त्या स्वतः पेज घेऊन आल्या, आणि आईला ती आग्रह करकरून इतकी पाजली की आई म्हणाली, "मी बरी झाली माय, आता थांब."

पण खरी गंमत मिठाची. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही, हा भंडाऱ्याचा नियम त्यांनी जसाच्या तसा लग्नकार्यात आणला. मग मीठ कसं कळायचं? तर कानाने. कढईजवळ कान नेऊन त्या सांगत, "मीठ कमी असलं तं वरण बडबडते. बरोबर असलं तं गुमान शिजते." आणि खोटं कशाला बोलू, मीठ नेहमी बरोबर निघायचं. कुणी चुकून विचारलंच, "बाई, मीठ पडलं का?" तर त्या नुसत्या बघायच्या. तापलेलं तेल थंड व्हावं असं ते बघणं. "मी ईसरते का?" असं ते बघणंच म्हणायचं, म्हणून हाताखालच्या सगळ्या बायांनी विचारणं सोडलं होतं.

अशात अमरावतीचं मोठं लग्न मिळालं; मीही मदतीला गेले. मुलीचे वडील नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात साहेब. लग्न ज्या लॉनवर व्हायचं, त्याचा मालक आधीच म्हणाला होता, हे जेवण पाहतो, जमलं तर यंदाच्या सगळ्या लग्नांचा स्वयंपाक तुमच्याकडे. जाऊबाईंनी ते काम मिळालंच असं धरून गावभर सांगितलंही होतं.

नवरीच्या आजीने सांगितलं, नवरदेव फाटकात आल्याशिवाय नैवेद्य दाखवायचा नाही. वरात फाटकापाशी आली दुपार कलल्यावर. नैवेद्य झाला, आणि जाऊबाईंनी तळहातावर कढी घेतली. त्यांचा चेहरा असा झाला की मी हातातली पुरी लाटायची विसरले. कढी खारट म्हणजे समुद्र. नंतर कळलं, जाऊबाईंनी मीठ घातलं होतंच, पण त्यांना विचारायची सोय नव्हती. म्हणून कढईजवळून जाणाऱ्या तिघी बायांनी, राहिलं असेल तर असू दे, म्हणत एकेक मूठ टाकली होती.

लॉनचा मालक वाटी घेऊन यायचाच होता. जाऊबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "वड्याची डाळ आणा इकडं. तिच्यात मीठ घालू नोका कोनी." भिजवून वाटलेल्या डाळीचे अळणी गोळे झाले, उरलेलं ताक कढीत ओतलं आणि जास्तीचं मीठ ओढून घ्यायला गोळे त्यात सोडले. पण ते शिजायला वेळ हवा. आमचे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, कोपऱ्यात बसले होते. दिवसाला चार शब्द बोलतील तर शपथ. जाऊबाई म्हणाल्या, "अवो, जा तुमी. वरात आत येऊ देऊ नोका."

मी पडद्याआडून पाहिलं. भासरे फाटकापाशी गेले, टोपी खिशात घातली आणि डीजेपुढे नाचू लागले. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. नवरदेवाचे मित्र दमून थांबले होते, ते म्हाताऱ्याला पाहून पुन्हा चेकाळले. वरात हलेचना.

त्या लग्नात मिष्टान्नं तशीच राहिली आणि कढीगोळे संपले. मालक म्हणाला, "लग्नात कढीगोळे! डोकं लावलं बाई तुमी." जाऊबाई म्हणाल्या, "आमची खास रीत हाय थे." काम मिळालं.

परतताना टेम्पोत मात्र त्या कढीच्या रिकाम्या कढईकडे बघत बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तिघी-तिघींनं मीठ टाकलं, पन एकीनंबी मले इचारलं नाही. काहून वं?" सगळ्या बाया पदराशी चाळा करत बसल्या. घामाने भिजलेले भासरे हळूच म्हणाले, "तुले इचारनार कोन?"



आता अकोल्यातही त्यांचं नाव आहे, स्वतःचे टेम्पो आहेत, कढीगोळ्यांशिवाय कुणी त्यांना बोलावत नाही. पदार्थ झाला की त्या लगेच देवापुढे वाटी ठेवतात आणि मग थेंबभर माझ्या हातावर घालतात. "पाय वं, बरोबर हाय का?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात, सासरी पहिल्यांदा चूल पेटवलेली नवी सून बघते तशा. परवा भाजी जरा अळणी होती. मी तसं सांगितलं. "बरं झालं सांगतलं," म्हणत, गुडघ्यावर हात टेकून त्या स्वतःच मीठ आणायला उठल्या. भाजी सुधारली, पण मला वाटत राहिलं, त्यांनी एकदा तरी माझ्यावर डोळे वटारायला हवे होते.