नैवेद्याची कोशिंबीर

नैवेद्याची काकडी चाखायची नाही, हे मला लग्नाआधीही ठाऊक होतं. पण हाताला नि तोंडाला सवय लागली, की ठाऊक असून काय उपयोग!

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. इतवारीतल्या सासरी माझ्या पहिल्याच महालक्ष्म्या. मला शाळेत मास्तरणीची नोकरी मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि सासूबाई ना हो म्हणत होत्या ना नाही. "महालक्ष्म्या पार पडू दे, मंग पाहू," एवढंच. म्हणजे माझी परीक्षाच होती ती, दुसरं काय!

माझ्या वाट्याला कोशिंबीर आली. किसलेली काकडी सासूबाईंना चालत नसे. "किसली का पाणी सुटते. मंग थे कोशिंबीर नाही, कढी होते." म्हणून कोचवायची. काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरून सुरीचे खचाखच घाव घालायचे आणि तेवढा थर कापून परातीत पाडायचा. देठ कापून, घासून, फेस काढून मी एकेक काकडी कोचवत गेले. शेवटची संपली, हातात बुडखा उरला, आणि माहेरी रोज टाकायची तसा मी तो तोंडात टाकला.

कडूजहर!

मला दरदरून घाम फुटला. काकडी कडू निघाली आणि नैवेद्य उष्टा झाला, दोन्ही एकदमच. ती तर आधीच परातीत, बाकीच्यांत मिसळलेली. नुसता बुडखाच कडू असेल, मी स्वतःला समजावलं. पुन्हा चाखून पाहायची हिंमत नव्हती. तेवढ्यात सासूबाई दह्याचं पातेलं घेऊन आल्या.

"काकडी कडू त नाही ना वं?"

"मला काय माहीत, आई? चाखली कुठे?"

त्यांनी मान डोलावली, दही ओतलं, दाण्याचा कूट घातला. मीठ अगदी शेवटी, ताट वाढायच्या वेळी. सांगू का? सांगितलं तर नोकरी गेलीच. शिवाय घरभर जमलेल्या बाया. "पहिल्याच वर्षी सुनेनं नैवेद्य उष्टा केला," हे मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. आरती झाली, नैवेद्य दाखवून झाला, मी तोंड उघडलं नाही.

पंगत बसली. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत आणि पानात काही टाकायचं नाही, हा घरचा दंडक. मी वाढत होते आणि एकेकाचा चेहरा बघत होते. चुलतसासरे कोशिंबिरीचा घास घेऊन थबकले, डोळे मिटून गिळला, वर तांब्याभर पाणी प्यायले. चुलतसासूंनी पुरणात कालवून संपवली. त्यांची नात "कडू..." म्हणाली तर तिच्या आईनं मांडीला चिमटा काढला. कोणी म्हणून कोणी चकार शब्द बोललं नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

शेवटी जेवायला आम्ही दोघीच उरलो. "कोशिंबीर किती हाये? आन इकडं," सासूबाई म्हणाल्या. वाडगाभर होती. ती सगळीच्या सगळी त्यांनी आपल्या पानात ओतून घेतली आणि मुकाट्यानं खाऊ लागल्या. दोन घास, तीन घास. मला बघवेना.

"आई, मी चाखली होती. कडू आहे हे माहीत होतं मला." आणि रडूच फुटलं.

"वाढतानी तुयं तोंड पाहलं, तवाच समजलं मले." तोंडातला घास त्यांनी गिळला. "काहून नाही बोलली?"

"भीती वाटली."

त्यांनी उरलेली कोशिंबीर संपवली, बोटानं पान निपटून घेतलं, ताकाचा घोट घेतला. मग गुडघ्यावर हात टेकून उठता उठता म्हणाल्या, "सोमवारी शाळेत जाशीन, तवा एखादं पोट्टं डरून खोटं बोललं, त मारजो नको त्याले."