आकड्यांखालची ओळ

खालच्या घरातून भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास आला की मला तो उन्हाळा आठवतो. सलग दोन वर्षं कपाशी बुडाल्यावर शेजारीण कुरडया विकून घर चालवत होती. "भाऊ, पेपरात आठ दिवसाचं ऊन पाहा बरं. गहू भिजू घालू काय?" मी आकडे वाचले, त्रेचाळीस ते पंचेचाळीस, आणि म्हणालो, "घाला बिनधास्त." खालची वादळी पावसाची ओळ वाचलीच नाही. पाचव्या दिवशी गच्चीवर बारा किलो गव्हाच्या कुरडयांचा लगदा झाला. तो खरवडत ती म्हणाली, "पेपरवाले लबाड हायेत, भाऊ. तुमी काय करान?" तोवर ती ओळ मी दोनदा वाचली होती, तरी मान हलवली. आजही ती अंदाज मलाच विचारते. पेपरावर तिचा भरवसा नाही.