हिरव्या कार्डावरची सही

रेनो लाहतीला वाईट माणूस म्हणावं, तर तेवढीही त्याची कुवत नव्हती. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या आमच्या गावात तो मासेमारीचे गळ विकायचा, शनिवारी सौना, म्हणजे घरची वाफेची न्हाणी, तापवायचा आणि रविवारी चर्चच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती प्रार्थनेचं पुस्तक ठेवायचा. गळांचं दुकान कधीच बसलं होतं. खरा धंदा तळघरातल्या कॉम्प्युटरवर चाले. जिथं कुणी कुणाला नाव-गाव विचारत नाही अशा इंटरनेटवरच्या चोरबाजारात तो दुखण्यावरच्या बनावट गोळ्या विकायचा आणि गळांच्या डब्यांत दडवून पोस्टानं पाठवायचा. तिथं त्याचं नाव होतं ‘सच्चा आजोबा’. नाव त्यानंच ठेवलेलं. दुसरं कोण ठेवणार?

त्या बाजारात माल मिळाला की गिऱ्हाईक विक्रेत्याला तारे देतं. रेनोला चारशेच्या वर लोकांनी पाच-पाच तारे दिले होते आणि त्याच्या नावापुढे ‘विश्वासू’ असा शिक्का होता. शाळेनं, तरुणपणी राबला त्या खाणीनं, बायकोनं, आयुष्यात कुणीच त्याला कधी पैकीच्या पैकी दिले नव्हते. म्हणून चोरांनी दिलेला हा शिक्का तो जिवापाड जपायचा. नव्या गिऱ्हाइकांना फुकट सल्लेही द्यायचा. मार्चमध्ये नेब्रास्कातल्या एका मुलीनं विचारलं होतं, “पहिल्यांदाच घेतेय. अर्धी घेऊ का?” सच्च्या आजोबांनी उत्तर दिलं, “घाबरू नकोस पोरी, पूर्ण घे. अर्धीनं काय होतंय?” पुढे एक हसरा चेहराही काढला. गोळीत काय नि किती कालवलंय, हे त्या शहाण्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात त्याच मुलीच्या खात्यावरून पुन्हा मागणी आली आणि मागोमाग तक्रार. माल मिळालाच नाही. एक तारा. बाजारातल्या पंचांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. माल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्याचा पुरावा आण, नाहीतर शिक्का काढून घेऊ.

रेनोच्या अंगाचा तिळपापड झाला. वरून बायकोनं, अर्लीननं हाक मारली.

“जेवायला ये. खिमा भरलेली पेस्टी गार होतेय.”

“इथं माझ्या नावाला काळिमा फासलाय, आणि तुला पेस्टीचं पडलंय?”

“का, गळ बोथट निघाला?”

“गिऱ्हाईक खोटारडं आहे. एक तारा दिलाय मला.”

“चर्चमध्ये तर एकही देत नाहीत, तरी जातोस ना दर रविवारी? चल, ऊठ.”

बिचारीला वाटायचं, नवऱ्याचे गळ खरंच खपतात.

रेनोनं गिऱ्हाइकाला खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर शांत आलं. ‘पुन्हा पाठवा. सोबत पोस्टाचं पोचपावतीचं हिरवं कार्ड जोडा. माल मिळाला की त्यावर सही करून पाच तारे देईन.’ हे वाचून त्याला कोण आनंद झाला. आपला पत्ता कुणाला द्यायचा नाही, हा त्या बाजाराचा पहिला धडा. चिल्लर चोरालाही तो पाठ असतो. पण ह्याच्या डोळ्यांपुढे तारे चमकत होते.

पोस्टाच्या खिडकीत व्हर्ना बसायची. पाकिटावरचं ‘लिंडी ह्रादेक’ हे नाव वाचून ती म्हणाली, “रेनो, गळाला पोचपावती? सही कोण करणार, मासा?”

“गिऱ्हाईक लबाड आहे गं. पुरावा हवाय.”

“मग कार्डाच्या मागे तुझा पत्ता लिही. नाहीतर ते परत कुठं यायचं?”

रेनोचं पेन क्षणभर थबकलं. अक्कल जागी व्हायला तेवढा एकच क्षण होता, आणि तो त्यानं वाया घालवला. आपलं खरं नाव आणि घरचा पत्ता त्यानं वळणदार अक्षरात लिहून दिला.

बाराव्या दिवशी कार्ड आलं. रेनो सपाता घालूनच टपालाच्या पेटीपाशी धावला. कार्डावर ठसठशीत सही होती, ‘मॉरीन ह्रादेक’. लिंडीऐवजी मॉरीन कोण, हे विचारण्याएवढी त्याला सवड नव्हती. सही ती सही. तळघरात जाऊन त्यानं कार्डाच्या सहीच्या बाजूचा फोटो पंचांना पाठवला. तासाभरात निकाल त्याच्या बाजूनं लागला. कबूल केल्याप्रमाणे पाच तारेही आले आणि खाली चार ओळी. रेनो त्या मोठ्या झोकात वाचू लागला.

‘माल मिळाला. पाठवणाऱ्याचा पत्ताही मिळाला, मला तोच हवा होता. माझी लेक लिंडी मार्चमध्येच गेली. ती अर्धी घेणार होती, तुम्ही पूर्ण घ्यायला सांगितलीत. तिचं खातं उघडंच राहिलं होतं, तिथं मी सगळं वाचलं. एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसते. पोचपावतीवर कुणाचा पत्ता असतो, ते मला ठाऊक आहे.’

पहिलं त्यानं काय केलं असेल? पान वर सरकवून शिक्का जागेवर आहे ना ते पाहिलं. शिक्का होता. मग कुठं त्यानं त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

वर दाराची घंटा वाजली. अर्लीनची पावलं दारापर्यंत गेली, थांबली आणि जिन्याच्या तोंडाशी परत आली.

“रेनो, पोलिसांचे बिल्ले दाखवत चार माणसं आलीत. सच्चा आजोबा इथंच राहतो का, विचारतायत. कोण रे हा?”